आरोबाची अंगाई आणि पत्रादेवीचा अमिताभ

मोपा विमानतळावरून बाहेर पडणारा मोठा रस्ता धारगळला राष्ट्रीय महामार्गाला येऊन मिळतो. विमानातून उतरलेली माणसं तिथून पणजीला, हरमलला, सावंतवाडीला पांगतात. त्याच धारगळच्या अंगाला आरोबा हे गाव आहे. 'निंबोणीच्या झाडामागे' ही अंगाई न ऐकता मोठं झालेलं मराठी मूल शोधून सापडायचं नाही, आणि त्या अंगाईची चाल बांधणारे संगीतकार एन. दत्ता याच आरोबाचे, आपल्या पेडणे तालुक्यातले!

दत्ता नाईक हे त्यांचं नाव, जन्म 1927 चा. पोरवयात घर सोडून त्यांनी मुंबई गाठली, सचिनदेव बर्मन यांच्याकडे साहाय्यक म्हणून उमेदवारी केली आणि पुढे बी. आर. चोप्रांच्या 'साधना' (1958) आणि 'धूल का फूल' (1959) या चित्रपटांना संगीत दिलं. 'धूल का फूल' म्हणजे यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्यात रानात टाकून दिलेलं तान्हं मूल एक मुसलमान गृहस्थ उचलून आणतो आणि पोटच्या पोरासारखं वाढवतो. तू मोठा होऊन हिंदू होऊ नकोस की मुसलमान होऊ नकोस, माणूस हो, असं तो त्याला गाण्यातून सांगतो. शब्द साहिरचे, आवाज रफीचा, चाल आरोबाच्या माणसाची. अंगाई त्यानंतरची, 1977 च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई' या चित्रपटातली.

ही माहिती सातवी-आठवीतल्या मुलाला सांगून बघा. जुना सिनेमा म्हटल्यावर "रंगीत नाही? मग नको" म्हणणारं पोर हे ऐकून थांबतं. आपल्या बाजूचा माणूस? धारगळचा? मग लाव बघू. माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना कृष्णधवल सिनेमाकडे न्यायचं तर 'अभिजात', 'कालातीत' असे मोठे शब्द घरी ठेवावेत आणि सुरुवात गावाच्या वेशीपासून करावी. आपल्या पेडणे-डिचोलीत तर अशा वेशी पावलोपावली आहेत.

अमिताभ आला तो गोवा मुक्तीसाठी

अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट कोणता? 'सात हिंदुस्तानी', 1969, कृष्णधवल. आणि विषय? गोवा मुक्तिलढा. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतले सत्याग्रही पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरतात, अशी ती कथा. सडपातळ, उंच अमिताभ त्यात बिहारचा कवी अन्वर अली झाला आहे.

दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी यात एक गंमत केली. नटाला त्याच्या स्वतःच्या प्रांताची भूमिका द्यायचीच नाही! बंगालचे उत्पल दत्त झाले पंजाबी शेतकरी, केरळचे मधू झाले बंगाली आणि जलाल आगा झाले मराठी शाहीर. कोणत्याही प्रांताचा माणूस दुसऱ्या प्रांताचा होऊ शकतो, हे अब्बास यांना दाखवायचं होतं. आणखी एक किस्सा खुद्द अब्बास सांगत. नवख्या मुलाचं आडनाव ऐकल्यावर तो घरातून पळून तर आलेला नाही ना, म्हणून त्यांनी आधी हरिवंशराय बच्चन यांना विचारून घेतलं आणि मगच करार केला. मानधन होतं 5,000 रुपये. चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता मोपाच्या मुलांसाठी खरी गोष्ट. असे सत्याग्रही ज्या वाटांनी खरोखर आत शिरले, त्यातली एक पत्रादेवीची. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पंजाबहून आलेला कर्नेल सिंग बेनिपाल हा तरुण तिथेच कोसळला. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे आणि आपल्या मुलांच्या शाळेची बस त्याच्यासमोरून जाते. आधी स्मारक दाखवा आणि त्याच संध्याकाळी चित्रपट लावा. दोन्ही एकमेकांना उजळतात.

गोव्याच्या किनाऱ्यावरची त्याआधीची एक गोष्ट गुरुदत्त यांनी 1952 मध्ये 'जाल'मध्ये सांगितली. कोळीवाडा, चोरटी आयात, देव आनंद खलनायकी वळणाचा टोनी आणि गीता बाली मारिया. देखणा नायक वाईट निघतो याचा मुलांना धक्का बसतो, आणि तो बसायला हवा.

दशावतार पाहणाऱ्याला तारामतीचं नवल नाही

भारताचा पहिला कथापट 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्यात तारामती झाली ती कुणी बाई नव्हे, ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. दादासाहेब फाळके यांना स्त्री भूमिकेसाठी बाई मिळेना. शहरातल्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. पेडण्यातली मुलं हसत नाहीत. जत्रेच्या रात्री दशावतारी काल्यात पुरुषानेच साडी नेसून केलेली राणी त्यांनी पहाटेपर्यंत जागून पाहिलेली असते, तिच्या विलापाला गप्प बसलेली आजीही पाहिलेली असते. त्यामुळे फाळक्यांचे मूकपट समजायला आपली मुलं सगळ्यांत तयारीची, असं मला मनापासून वाटतं.

याच साळुंक्यांनी 1917 च्या 'लंकादहन'मध्ये रामही केला आणि सीताही! आपल्या सिनेमातली ही पहिली दुहेरी भूमिका. आणि 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये उलटा प्रकार झाला. त्यातला बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची सात वर्षांची लेक मंदाकिनी. सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि बघता बघता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. हा भाग सुदैवाने टिकला आहे, इंटरनेटवर बघायला मिळतो. पाच मिनिटं पुरतात.

फाळक्यांचं आणखी एक काम मुलांना करूनही बघता येतं. 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर अंकुर डोळ्यांदेखत वर आला. आज मोबाईलमध्ये टाइमलॅप्सचं बटण दाबून जे होतं, ते त्यांनी हाताने केलं. पावसाळ्यात चवळी किंवा वाल पेरून आपल्या मुलांना हा प्रयोग लावून द्यावा.

पोरांचे प्रश्न, खरी उत्तरं

"ही माणसं अशी तुरुतुरु का पळतात?" मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण 16 ते 18 चौकटी. नंतरची यंत्रं 24 ने चालतात. हळू टिपलेलं भरभर दाखवलं की माणूस पळतोच.

"ओठ इतके काळे का?" सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ काळे उमटायचे आणि निळं आभाळ पांढरं फटक पडायचं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग ओळखणारी फिल्म रुळली, तेव्हा कुठे चेहरे चेहऱ्यासारखे दिसू लागले.

"काळा रंग कशाचा?" चांदीचा. खरोखर चांदीचा! कृष्णधवल फिल्मवरचा काळेपणा म्हणजे चांदीचे बारीक कण. हीच चांदी त्या चित्रपटांच्या मुळावर आली. जुन्या प्रती निकामी समजून त्यातली चांदी काढून घेतली जाई. त्यातून जुनी नायट्रेट फिल्म इतकी ज्वालाग्राही की पाण्याखालीही जळत राहते. 2003 मध्ये पुण्यात अशा जुन्या रिळांना लागलेल्या आगीत केवढा तरी ठेवा गेला. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (1931) आज कुणालाच बघता येत नाही, त्याची एकही प्रत उरलेली नाही. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' (1932) मात्र आहे. उरलं ते बघून घ्यावं, ही घाई मला त्यामुळेच वाटते.

चप्पल घेऊन देवळात

'प्रभात'चा 'संत तुकाराम' 1936 चा. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. मुलांना यात शेवटचं विमान आवडेल अशी आपली समजूत. ते आवडतंच, कारण संगणक नसताना तुकोबा आभाळात गेले कसे याचं कुतूहल असतं. पण मन गुंतून राहतं ते जिजाईत.

पोराला ताप भरला आहे, घरात दाणा नाही, नवरा अभंगात. जिजाई आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि हातात चप्पल घेऊन विठोबाला फैलावर घेते. गौरी नावाच्या नटीने हे काम केलं आहे. तिच्या बोलण्यात अभिनयाचा लवलेश नाही. शेजारच्या वाड्यातली बाई भांडते आहे असंच वाटतं. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस शांत, आणि ही कडाडणारी. देवावर इतक्या हक्काने चिडणारं माणूस आजच्या एकाही पौराणिक मालिकेत दिसत नाही. हा प्रसंग मुलांसोबत बघितला तर नंतर ती आपल्या आईकडे किंचित वेगळ्या नजरेने बघतात, हे मी पैजेवर सांगेन.

'कुंकू' (1937) थोड्या मोठ्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. या चित्रपटात पार्श्वसंगीतच नाही! घड्याळाचे ठोके, भांड्यांचा आवाज, पावलं, एवढंच. भिंतीवरच्या त्या घड्याळाने म्हाताऱ्याचं वय मोजत राहणं अंगावर येतं. मुलांना कान देऊन ऐकायला सांगा. हल्लीच्या सिनेमात ढोलताशा कधी थांबतच नाही, त्यामुळे ही शांतता त्यांना नवी असते. याच चित्रपटात शांता आपटे यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आहे. 1937 सालची नऊवारी नेसलेली नायिका इंग्रजी कविता गाते, हे इंग्रजी माध्यमातल्या पोरांना दाखवाच. संगीत केशवराव भोळे यांचं, आणि त्यांच्या पत्नी, गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे आपल्या बांदिवड्याच्या.

वसतिगृहात राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी 'प्रभात'चाच आणखी एक किस्सा. देव आनंद आणि गुरुदत्त यांची मैत्री धोब्यामुळे झाली. एकाचा शर्ट दुसऱ्याकडे गेला, तो घालून तो समोर आला आणि ओळख झाली. ज्याला आधी संधी मिळेल त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, असं ठरलं. दोघांनीही शब्द पाळला. त्या 'प्रभात'च्या आवारात आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

ओळखीचे चेहरे

'थ्री इडियट्स'मध्ये जॉय लोबोचे वडील आठवतात? ते माधव वझे. 1953 च्या 'श्यामची आई'तला श्याम तेच. आचार्य अत्रे यांच्या या चित्रपटाने पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पटकावलं.

दक्षिणेतल्या महेश बाबूचे चाहते आता गोव्यातही घरोघरी आहेत. त्याची पत्नी नम्रता शिरोडकर. तिच्या आजी मीनाक्षी शिरोडकर. 1938 च्या 'ब्रह्मचारी'त त्या पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. तेव्हाच्या बायका बुजऱ्या होत्या, हा मुलांचा समज एका गाण्यात उडतो.

सचिन पिळगावकर यांनी 'हा माझा मार्ग एकला' (1963) केला तेव्हा ते शाळेच्याही वयाचे नव्हते. आडनावातलं पिळगाव आपल्या डिचोली तालुक्यातलं. डिचोलीच्या मुलांनी या चित्रपटाचं पोस्टर शाळेत लावावं!

आणि बालवाडीतलं 'नाच रे मोरा'? तेही कृष्णधवल सिनेमातलं. चित्रपट 'देवबाप्पा' (1953), शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशा भोसले यांचा, म्हणजे पुन्हा गोव्याचंच, मंगेशीचं घराणं. पाच वर्षांच्या पोरालाही पहिला जुना सिनेमा हाच दाखवता येईल, कारण गाणं त्याला आधीच पाठ असतं.

वाजवणारे आपले

'अमर अकबर अँथनी'तला अँथनी गोन्साल्विस हा खरा माणूस होता. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक म्हणजे प्यारेलाल यांचे गुरू, आणि शिष्याने गाण्यातून त्यांना मानवंदना दिली. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवत. भगवानदादांच्या 'अलबेला'त (1951) सी. रामचंद्र यांच्या गाण्यांना जी लय आहे त्यात त्यांचा वाटा मोठा, आणि आपल्या वाद्यवृंदासह ते पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची बांधणी करत ते सॅबेस्टियन डिसोझा गोव्याचेच. शुभ्र-काळ्या पडद्यामागचा आवाज अर्धा तरी गोव्याचा होता, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती फार होणार नाही.

पडद्यावर गोव्याची भाषा आली ती 24 एप्रिल 1950 ला. म्हापशाच्या अल जेरी ब्रागांझा यांचा 'मोगाचो आंवडो' हा पहिला कोकणी चित्रपट त्या दिवशी लोकांपुढे आला, म्हणून 24 एप्रिल हा कोकणी चित्रपट दिन. 1966 च्या 'निर्मोण'वरून तर पुढच्याच वर्षी राजश्रीने हिंदी 'तकदीर' काढला, आणि नायिका दोन्हींत एकच, शालिनी मार्डोळकर. कोकणीवरून हिंदी! आपल्या मुलांना हे ठाऊक असायला हवं.

दाखवायचं कसं

सगळा चित्रपट एका बैठकीत दाखवायचा हट्ट सोडावा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांचा एक प्रसंग, आणि पोराने "पुढे काय झालं?" विचारलं तरच पूर्ण चित्रपट. मोबाईलवर तर मुळीच नको. कृष्णधवल सिनेमा सावल्यांत असतो आणि सावली हाताएवढ्या काचेवर उमटत नाही. भिंतीवर पांढरी चादर ताणा, शाळेचा किंवा वाचनालयाचा प्रोजेक्टर मागून आणा, दिवे घालवा. स्पीकर मात्र चांगला असू द्या. जुन्या ध्वनीतली खरखर मुलांना लवकर कंटाळा आणते.

अगदी लहानांना चॅप्लिन. भाषा लागत नाही. 'द किड' 1921 चा, तरी फुटक्या काचांची ती गंमत बघून चार वर्षांचं मूलही खिदळतं. दहा-बारा वर्षांच्यांना व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (1957). सहा खुनी कैदी, एक जेलर आणि माळरान. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खरोखर अशी कुंपणाविना वसाहत केली होती, त्यावरून हा सुचला. त्यातल्या बैलाशी झुंजण्याच्या चित्रीकरणात शांताराम यांच्या डोळ्याला जबर इजा झाली. बर्लिनमध्ये चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. रहस्याची आवड असलेल्यांना राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (1964) लावा आणि मग त्यावरून निघालेला 'मेरा साया'. कोणता सरस यावर घरात वाद होऊ द्या.

रंग भरलेल्या आवृत्त्यांचं काय? 'मुघल-ए-आझम' 2004 मध्ये आणि 'नया दौर' 2007 मध्ये रंगवून पुन्हा आले, गर्दीही झाली. पण माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा बघताना मूळ रूपच बघावं. त्या काळच्या छायालेखकाने साडीचा रंगही पडद्यावर कोणती करडी छटा उमटेल हे बघून निवडलेला असे. त्यावर नंतर ओतलेला रंग त्याचा नसतो.

फ्रान्समध्ये 1994 पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांना शाळेच्या वेळेत चित्रपटगृहात नेऊन जुने चित्रपट दाखवण्याचा देशव्यापी उपक्रम चालतो. आपल्याकडे राज कपूर यांच्या शताब्दीला, डिसेंबर 2024 मध्ये, त्यांचे दहा चित्रपट देशभरच्या चित्रपटगृहांत 100 रुपयांच्या तिकिटात दाखवले, आणि रांगेत तरुण होते. 2004 पासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव तर आपल्या दारात आहे, आणि त्यात डागडुजी करून नव्या केलेल्या जुन्या चित्रपटांना जागा असते. पणजी काही फार लांब नाही. नोव्हेंबरात एक दिवस मुलांसाठी काढावा.

2027 हे एन. दत्ता यांचं जन्मशताब्दी वर्ष. पेडणे तालुक्यातल्या शाळांना, ग्रामपंचायतींना आणि वाचनालयांना माझी कळकळीची विनंती आहे. त्या वर्षी आरोबात आणि मोपात पडदा लावा, 'धूल का फूल' दाखवा, आणि पुढच्या रांगेत मुलांना बसवा.